कॅमेऱ्यामागून बोलणारी बाई

माझ्या पहिल्या खऱ्या फिल्ममुळे कबनूरच्या एका माणसाचं काम जाणार होतं. मी त्याचं वाईट करायला गेले नव्हते. भलं करायलाच गेले होते, आणि भलं करायला निघालेली बाई जास्त धोक्याची असते. त्यात तिच्या खांद्यावर कॅमेरा असला तर विचारूच नका.

'खरी' फिल्म म्हणते, कारण त्याआधी वीस वर्षं मी कॅमेराच चालवत होते. कोल्हापुरात वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे. समोर कुणीही बसलं, अगदी फौजदार असला तरी, वडील एकाच सुरात सांगायचे, "हनुवटी वर. हलू नका. श्वास घ्या की!" त्यांच्या हाताखाली शिकून मी लग्नांचं शूटिंग करायला लागले. मग तीन वर्षं मुंबईत एका दिग्दर्शकाच्या हाताखाली काढली. तिथलं पाणी मानवलं नाही, परत आले. लग्नसराईत लग्नं आणि उरलेल्या महिन्यांत माहितीपट, असा धंदा बसला. शाहूवाडीकडची भातलावण, गडहिंग्लजचा बाजार, कुठली तरी पाणी योजना. सगळ्यांचा साचा एकच. आधी डोंगर, मग बासरी, मग एक भारदस्त पुरुषी आवाज: "सह्याद्रीच्या कुशीत वसलेलं हे टुमदार गाव..." मी दाखवलेलं एकही गाव कुशीबाहेर वसलेलं नव्हतं.

वडील हे माहितीपट मन लावून बघायचे आणि शेवटी म्हणायचे, "चित्र चांगलं हाय. पर ते मागनं कोन बोलतंय सारखं? त्येला गप बसाय सांग की."

मला राग यायचा. पासपोर्ट फोटो काढणाऱ्याला फिल्ममधलं काय कळतंय, असं मी मनात म्हणायचे. एकदा तोंडावरही म्हणाले. वडील आतल्या खोलीत जाऊन बसले.

कबनूरला गेले ती एका लग्नाच्या शूटिंगला. मांडवाच्या मागेच यंत्रमागांचा कारखाना होता. जेवणाच्या पंगती चालू असताना मी आत डोकावले. पत्र्याच्या शेडमध्ये माग धडाधड आपटत होते, आडवं सूत वाहणारे धोटे इकडून तिकडे पळत होते आणि कापसाची पांढरी धूळ सगळ्यांच्या भुवयांवर बसली होती. आवाज एवढा की माझे दात हलल्यासारखे वाटले. त्या गदारोळात साठीकडे झुकलेला एक माणूस एकटा सहा माग सांभाळत होता, आणि चेहरा असा की जणू रंकाळ्यावर हवा खात बसलाय. मी दारातच ठरवलं, ह्या माणसावर फिल्म करायची. कुणी सांगितलेली नाही, कुणाच्या योजनेची नाही, माझी.

सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायला लागले. त्यांची बायको, म्हणजे चाची, शेडच्या दुसऱ्या टोकाला कांड्या भरायची. धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर यंत्रावर सूत गुंडाळायचं, ते तिचं काम. दोघं घरात दखनी उर्दू बोलायची, कारखान्यात मराठी, आणि भांडताना दोन्ही.

आठ महिने मी आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून कबनूरला जात होते. तासन् तास कोपऱ्यात उभी राहायचे आणि लांबूनच माणसांचे चेहरे जवळ ओढून टिपायचे. कामगारांचे ओठ हलताना दिसायचे. मला वाटायचं, कुणी गाणं गुणगुणतंय, कुणी स्वतःशी पुटपुटतंय.

त्या आठ महिन्यांत तीन गोष्टी माझ्या लक्षात आल्या, आणि तिन्हींचा अर्थ मी माझ्या अकलेनुसार लावला. पहिली, चाचा मुलाखतीला बाहेर यायला कधीच तयार नसायचे. शांत जागी, झाडाखाली बसूया म्हटलं की म्हणायचे, "जे काय इचारायचं ते हितंच इचारा." मी कॅमेरा स्टँडवर सोडून, त्यांच्यासमोर जाऊन मागांच्या गोंगाटात ओरडून विचारायचे, ते बरोबर उत्तर द्यायचे आणि रेकॉर्डिंगमध्ये खडखडाटाशिवाय काही उमटायचं नाही. मी म्हटलं, माणूस मागाला इतका जखडलाय की चार पावलं लांब जाववत नाही त्याला. दुसरी, बाहेर चहाच्या गाड्यावर त्यांना काही विचारलं की चाचीच आधी उत्तर द्यायची. मी म्हटलं, घरात चाचीचं राज्य दिसतंय. तिसरी गोष्ट मालकाची. बाकी कामगारांना तो ऑफिसात बोलावून घ्यायचा, पण चाचांशी बोलायचं असलं की स्वतः पांढरे कपडे घालून त्या धुळीत यायचा आणि त्यांच्यासमोर उभा राहायचा. मी म्हटलं, पाळत ठेवतोय.

फिल्म तयार झाली. भारदस्त आवाजवाल्याला यावेळी फाटा दिला, आवाज माझाच दिला. मागांचा खडखडाट बारीक केला, त्यावर बासरी टाकली (बासरी काही सुटली नाही) आणि त्यावर मी बोलत सुटले. सगळ्यात आवडता तुकडा चाचीचा होता. पत्र्याच्या फटीतून ऊन आलंय, त्यात कापूस तरंगतोय, चाचीचा चेहरा पडदाभर आणि तिचे ओठ हलताहेत. पूर्ण दीड मिनिट. त्यावर माझं वाक्य: "तिचं ऐकायला इथे कुणाला वेळ नाही. ती बोलते स्वतःशीच." ह्या वाक्यावर मी फार खूश होते, आता सांगायला लाज वाटते.

लांबच्या एका शहरातल्या महोत्सवात फिल्म निवडली गेली. वीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव लग्नाच्या अल्बमबाहेर कुठंतरी छापून येणार होतं. पण चाचीला शब्द दिला होता की आधी तुम्हाला दाखवीन, मग जगाला. मालकानंही हौसेनं सुट्टीच्या दिवशी दुपारी कारखाना मोकळा करून दिला. खिडक्यांना पोती लावली. पडदा म्हणून चाचांच्याच मागावरचं कापड ताणलं. मालकानं नारळ फोडला आणि पहिल्या रांगेत बसला. मागे चाळीसेक माणसं, बायकापोरांसकट.

पाच मिनिटं झाली आणि माणसं हसायला लागली.

पडद्यावर दोन कामगार मागाशी झुंजतायत, माझा आवाज सांगतोय की हा शतकांचा दबलेला आक्रोश आहे, आणि शेडमध्ये हशा. बायका तोंडाला पदर लावून एकमेकींना ढोसतायत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांच्यासाठी मरमर करायची आणि ह्यांना गंमत वाटते! बंद करून निघून जावं असं वाटलं, पण मालक रंगात येऊन बघत होता. चाचाही हसत होते.

मग चाचीचा तुकडा आला. हसू एकदम थांबलं. मागचं एक पोर काही बोललं, त्याला आईनं चापट मारली. सगळ्या माना आधी चाचांकडे वळल्या, मग मालकाकडे. मालक लहानपणी बापाच्या हाताखाली ह्याच शेडमध्ये कांड्या भरत होता. तो पापणी न हलवता पडद्याकडे बघत राहिला. चाची उठली, पदर सावरला आणि सरळ बाहेर निघून गेली. फिल्म संपली तेव्हा एकही टाळी वाजली नाही. मालक मला म्हणाला, "चांगलं केलंय," आणि चपला घालून गेला. चाचा कोऱ्या कापडाकडे बघत बसले होते.

मी चाचीच्या मागे तिच्या घरी धावले. ती उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. वर न बघता म्हणाली, "काय केलंस गं पोरी!"

"काय केलं मी? हसले का सगळे?"

"आठ म्हयने आमच्यात हुबी ऱ्हायलीस, आन् एवढं कळंना व्हय तुला? मागाच्या आवाजात कान लावून कोन बोलतंय? समदी तोंडाकडं बघून बोलत्यात. ओठ हाललं की कळतंय. तुज्या पिक्चरमदी समदी बोलत्यातच की! ही बाई बसत का न्हाय, हिचं पाय दुखत न्हाईत का, हिनं जेवलंय का. आन् वरनं तू सांगतीस आक्रोश. हसतील न्हाईतर काय रडतील?"

मी तिथंच खाली बसले. आठ महिने माणसं माझ्यासमोर गप्पा मारत होती आणि मी त्यांना मुकं समजून त्यांच्या वतीनं बोलत होते. कुणी मला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे? आम्ही मराठी बोलतो बरं का, असं कुणी पाहुण्याला सांगतं का?

"आन् माझं तोंड एवढं मोठं दावलंस," चाची म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला, "त्यात मी काय म्हनतीया ठावं हाय? मी चाचांना सांगतीया, भायेर मुलाकतीला बसू नगासा. ती बाई क्यामेऱ्याच्या मागनं बोलती, तोंड दिसत न्हाय तिचं. कान गेल्यात ते उघडं पडंल. मालकानं बघितलं की मागावरनं उतरवंल. आता बघितलं की त्यानं."

चाचांचे कान गेले होते. दोन्ही. मागांनीच खाल्ले होते, वर्षानुवर्षं, थोडे थोडे करून. शेडमध्ये ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. तिथं कानांनी कुणीच बोलत नाही आणि बोलण्याआधी प्रत्येक माणूस समोरच्याकडे तोंड करतो. अडचण बाहेर होती. बाहेर माणसं पाठ फिरवून बोलतात, चालता चालता बोलतात. म्हणून चाची आधी उत्तर द्यायची. आणि सगळ्यात मोठी अडचण मी होते, कारण आमच्या धंद्याची रीतच अशी की विचारणाऱ्यानं कॅमेऱ्याआड तोंड लपवून विचारायचं. धागा तुटला, धोटा अडकला, की मागाचा आवाज बदलतो आणि चांगला कामगार तो कानानं ओळखतो, असं सगळे मानतात. बहिऱ्या माणसाच्या हाती सहा माग कोण देईल? चाचा मागाच्या लाकडावर तळहात ठेवून सगळं ओळखायचे. त्या तळहाताचेही मी डझनभर शॉट घेतले होते. त्यावर माझं वाक्य होतं, "जणू तो यंत्राला गोंजारतोय."

त्या दिवशी जेवण गेलं नाही. सकाळी उठून स्कूटर काढली. रस्ताभर मालकापुढे करायचं भाषण घोकत होते. चूक माझी आहे, फिल्म पुसून टाकते, महोत्सवाला नाही म्हणून कळवते, पण चाचांना काढू नका. ऑफिसात मालक नव्हता. शिपाई म्हणाला, "आत गेल्यात, चाचांकडं."

मी धावत शेडमध्ये शिरले. माग चालू होते. मालक नेहमीच्या पांढऱ्या कपड्यात चाचांसमोर उभा होता. चाचांचा चेहरा कामाचा हिशोब मिटवायला आलेल्या माणसासारखा होता. मालकाचे ओठ हलले. बरंच काही बोलला तो, सावकाश. मी डोळे ताणून बघत होते आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. चाचांचा हात मागावर थबकला. शेजारचे दोघं कामगार हसले. पलीकडचा एक जण मान हलवून पुन्हा धागा जोडायला लागला. लांब टोकाला चाचीनं पदर डोळ्यांना लावला. "काय म्हणाले? अहो, काय म्हणाले ते?" मी बेंबीच्या देठापासून ओरडले. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. त्या घडीला त्या शेडमध्ये बहिरी मी एकटीच होते.

शेवटी चाचीनं मला दंडाला धरून बाहेर आणलं. रडत होती आणि हसत होती.

"म्हनालं, 'चाचा, धा वर्सं झाली. मला म्हाईत न्हाय व्हय? तुमास्नी एकदा तरी हापिसात बोलावलंय का मी?'"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. पांढरे कपडे, धूळ, समोर येऊन उभं राहणं. ज्याला मी पाळत म्हणाले होते ते हे होतं. मला तिथंच रडू कोसळलं आणि चाचीनं कापसानं भरलेल्या पदरानं माझं तोंड पुसलं, त्यामुळे नंतर अर्धा तास शिंका येत होत्या.

मालक अगदी देवमाणूस आहे असं माझं म्हणणं नाही. त्याच दिवशी ऑफिसात मी त्याच्याशी कडाडून भांडले. ज्या मागांनी चाचांचे कान खाल्ले ते बाकीच्यांचेही खातायत, आणि हे दहा वर्षं माहीत असून तुम्ही काय केलं? तो म्हणाला, "कानात घालायचं बोळं आनलं तर कोन घालंल, सांगा की. माझ्या बानं न्हाय घातलं." मी म्हटलं, "कानांनी इथं कोण बोलतंय? बोळे घातले म्हणून कुणाचं बोलणं अडणार आहे?" पुढच्या महिन्यात बोळ्यांचं खोकं आलं. आज निम्मे लोक घालतात. उरलेल्यांच्या मागे चाची लागलेली असते.

महोत्सवाला मी कळवून टाकलं की फिल्म पाठवत नाही. कारण सांगितलं नाही, सांगून पटलंही नसतं. घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "मागून बोलणारा माणूस गप्प बसवायचाय." ते नुसते हसले आणि माझ्यासाठी चहा टाकायला गेले.

मग दर सुट्टीच्या दिवशी चाची एसटीनं कोल्हापूरला येऊ लागली. पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर बसून, समोरच्या कॉम्प्युटरवर बघून ती मला सांगायची आणि मी खाली अक्षरं टाकायचे. माझा आवाज काढला, बासरी काढली, मागांचा खडखडाट होता तेवढा परत आणला. आठ महिन्यांची माणसं एकेक करून बोलायला लागली. पोरीचं लग्न, पाणी न आलेला नळ, कुणाच्या तरी म्हशीचं दुखणं, मालकाची नक्कल. आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य माझ्याबद्दलचं होतं: "ती जेवली का?" एकदा चाचा विचारतायत, एकदा चाची, एकदा ज्याला मी आक्रोश करताना दाखवलं होतं तो.

एका ठिकाणी चाचांनी मागावरून मान वर करून चाचीकडे बघत काहीतरी म्हटलं होतं. चाची ते बघून लाजली. "ह्ये लिवायचं न्हाय," म्हणाली. मी तिथं काही लिहिलं नाही. फिल्म दाखवते तिथं लोक हमखास विचारतात, तिथं ते काय म्हणाले? मी सांगते, मलाही माहीत नाही.

तिचा स्वतःचा दीड मिनिटाचा तुकडा आला तेव्हा मी म्हटलं, हा काढून टाकते. ती म्हणाली, "चाचांना इचारून सांगते." पुढच्या वेळी निरोप घेऊन आली: "ऱ्हाऊ दे म्हनालं. आता कुनापसनं लपवायचं?" त्या तुकड्याखाली तिची वाक्यं जशीच्या तशी आहेत, कॅमेऱ्याच्या मागून बोलणाऱ्या बाईसकट.

त्यानंतर मी दोन फिल्म केल्या, तिसरी चालू आहे. विचारायचं ते आता कॅमेऱ्याच्या शेजारी, उजेडात बसून विचारते. माझं तोंड माणसाला दिसलं पाहिजे. सोबतचे कॅमेरावाले कुरकुरतात की बाई मध्ये येता, सावली पडते. पडू दे.

कबनूरची ही नव्यानं जुळवलेली फिल्म पहिल्यांदा दाखवली ती त्याच शेडमध्ये, त्याच कापडावर. मालकानं पुन्हा नारळ फोडला. वडीलही आले होते, हनुवटी वर करून पहिल्या रांगेत बसले होते. लोक पुन्हा हसले, तिथंच हसले जिथं आधी हसले होते, आणि यावेळी मीही हसले. चाचीचा तुकडा आला तेव्हा कुणी मान वळवली नाही. संपल्यावर इतक्या टाळ्या पडल्या की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. मग बायकांनी पातेली आणली, पंगत बसली, कोण कुठं बसलंय ह्यावरून आरडाओरडा सुरू झाला.

मी एका टोकाला वायरी गुंडाळत होते. शेडच्या दुसऱ्या टोकाला चाचा उभे होते. माग बंद होते, पण चाचांनी आवाज काढला नाही. माझ्याकडे तोंड केलं, माझं लक्ष जाईपर्यंत थांबले आणि नुसते ओठ हलवले. "जेवलीस?"

मला कळलं. मी वायर खाली ठेवली, त्यांच्याकडे तोंड केलं आणि आवाज न काढता म्हणाले, "व्हय."

चाचांनी मान हलवली, चाचीकडे वळले आणि तिला काहीतरी म्हणाले. तेही मला कळलं. "खोटं बोलती. ताट वाढ तिला."